रूप नवे, मारुती तोच

कोल्हापूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या गाडीच्या मागच्या काचेवर केशरी आणि काळ्या रंगातील, भुवया आवळलेला हनुमंताचा चेहरा दिसतो. त्याच रस्त्यावरील दुकानात टांगलेल्या शाळेच्या दप्तरावर गोबऱ्या गालांचा, टपोऱ्या डोळ्यांचा बाळ हनुमान छापलेला असतो. आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या देवळात शेंदराच्या थरांखाली नाकडोळेही धड ओळखू न येणारी मूर्ती उभी असते. या तीन आकृतींचे वय, रंग, चेहऱ्याची ठेवण आणि शरीराची प्रमाणे यांपैकी काहीच एकमेकांशी जुळत नाही, तरीही पहिलीतले मूल तिघांनाही मारुतीच म्हणते आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. याउलट, दूरदर्शनवरील एखाद्या मालिकेतील नट मध्येच बदलला, तर मोठी माणसेही आठवडाभर नव्या चेहऱ्याशी जुळवून घेऊ शकत नाहीत.

हा फरक का पडतो, हे समजून घ्यायचे असेल तर चित्रातील पात्राची ओळख नेमकी कशात साठवलेली असते, हे पाहावे लागते. ऑक्टोबर २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांनी दिग्दर्शित केलेला 'हनुमान' हा सचेतपट, म्हणजे चित्रांना हालचाल देऊन केलेला चित्रपट, प्रदर्शित झाला आणि घराघरांतील मुलांनी तो आपलासा केला. त्यातील बाळ हनुमानाला मुलांनी वह्यांच्या मागच्या पानांवर आपापल्या पद्धतीने काढले, त्याच्या नवनव्या करामती रचल्या, त्याला आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत आणून सोडले. प्रेक्षकांनी आवडत्या पात्राला असे पुन्हा घडवणे ही चित्रपटाच्या कडेला घडणारी किरकोळ गोष्ट मानली जाते. प्रत्यक्षात हे पात्र टिकते ते याच प्रक्रियेमुळे, आणि ही प्रक्रिया कशी चालते हे कोल्हापुरात विशेष स्पष्ट दिसते.

चेहरा नव्हे, खुणा

माणसाचा चेहरा ओळखताना मेंदू डोळ्यांमधील अंतर, नाकाची लांबी, जबड्याचा कोन अशी असंख्य सूक्ष्म प्रमाणे एकत्रितपणे टिपतो, आणि त्यांतील थोडी जरी हलली तरी हा माणूस वेगळा आहे असा निर्वाळा देतो. रेखाटलेल्या पात्राच्या बाबतीत हे घडत नाही, कारण तेथे ओळख मोजक्या खुणांवर सोपवलेली असते. हनुमंताच्या खुणा म्हणजे वानरमुख, शेपटी, गदा, हातावर तोललेला पर्वत आणि रामापुढे जोडलेले हात. यांपैकी दोनतीन एकत्र आल्या की बाकीचे सारे बदलले तरी चालते. कोल्हापूरच्या मिसळीत प्रत्येक दुकानाचा मसाला निराळा, कोणी वरून शेव घालतो तर कोणी चिवडा, पण मोड आलेली मटकी आणि झणझणीत कट असेपर्यंत खाणारा तिला मिसळच म्हणतो, आणि कट काढून घेतला तर मात्र म्हणत नाही. पात्राच्या खुणांचेही तसेच आहे.

भारतीय मूर्तिशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. कोणत्या देवतेच्या हातात कोणते आयुध असावे, वाहन कोणते, आसन कोणते, हे सांगणाऱ्या नियमांना प्रतिमालक्षण म्हणतात. देवतेचा चेहरा हुबेहूब कसा असतो हे कोणीच सांगू शकत नसल्याने शास्त्रकारांनी ओळखीचा सगळा भार खुणांवर टाकला, आणि त्यामुळे शिल्पकाराला बाकीच्या बाबतीत मोठे स्वातंत्र्य मिळाले.

या स्वातंत्र्याचा उत्तम पुरावा कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव येथील दोन मारुती याच जिल्ह्यात आहेत. वारणानगरजवळच्या पारगावची मूर्ती अकरांमध्ये सर्वांत लहान असून तिला बाळ मारुती किंवा झोळीतला मारुती असे म्हणतात. तर समर्थांच्याच चाफळ येथे एक मारुती हात जोडलेला, म्हणजे दास मारुती, आणि दुसरा पराक्रमाच्या आवेशातील, म्हणजे प्रताप मारुती आहे. एकाच संताने, एकाच काळात, एकाच देवतेची नम्र, उग्र आणि बाल अशी तिन्ही रूपे समाजापुढे ठेवली होती. दप्तरावरचा बाळ हनुमान आणि काचेवरचा करारी हनुमान हे आजच्या बाजाराने निर्माण केलेले प्रकार आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ही तीन नावे एकत्र आठवून पाहावीत.

शेकडो हातांसाठी घडवलेले पात्र

सचेतपटातील पात्र सहज पुन्हा काढता येते, याचे आणखी एक कारण त्याच्या जन्माच्या पद्धतीत आहे. असा चित्रपट एकटा चित्रकार काढत नाही. शेकडो कलावंत वर्षानुवर्षे तेच पात्र काढत असतात आणि तरीही पडद्यावर ते एकाच हाताने काढल्यासारखे दिसावे लागते. यासाठी आरंभीच पात्राचा एक तक्ता तयार केला जातो. त्यात ते पात्र समोरून, बाजूने व पाठीमागून कसे दिसते, डोके शरीराचा कितवा हिस्सा आहे, हसताना व रागावताना भुवया कशा होतात, हे सारे आखून दिलेले असते. ज्या रेषेवाचून भागते ती रेषा काढून टाकलेली असते, कारण प्रत्येक अनावश्यक रेषा पुढे हजारो वेळा काढावी लागते आणि प्रत्येक वेळी चुकण्याचा धोका असतो. बाह्यरेषा तर इतकी नेमकी ठेवतात की आतला भाग संपूर्ण काळा केला तरी निव्वळ सावलीवरून पात्र ओळखता यावे.

याचा परिणाम असा होतो की स्टुडिओतील शेकडो अनोळखी हातांना सोपे जावे म्हणून केलेली ही योजना, स्टुडिओशी काहीही संबंध नसलेल्या हातांनाही तितकीच सोपी जाते. दहा वर्षांच्या मुलाला एखाद्या नटाचे व्यक्तिचित्र काढता येत नाही, पण गोल डोके, दोन मोठे डोळे, डोक्यामागून वर आलेली शेपटी आणि हातात गदा, एवढे तो काढू शकतो, आणि पाहणाऱ्याला ते पटते.

*चौकट : चित्र हलते कसे?*

*चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. सचेतपटात पुष्कळदा एक चित्र सलग दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. अनुभवी कलावंत हालचालीतील महत्त्वाच्या क्षणांची मुख्य चित्रे काढतो; उदाहरणार्थ, उडी मारण्यापूर्वी वाकलेला हनुमान आणि हवेत झेपावलेला हनुमान. या दोन टोकांमधील चित्रे साहाय्यक भरतात. सव्वादोन तासांच्या चित्रपटाला या हिशेबाने सुमारे ९७ हजार चित्रे लागतात.*

भारत आणि जपान यांच्या सहकार्यातून साकारलेला 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला, सुमारे सव्वादोन तासांचा हा चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि जानेवारी १९९३ मध्ये नवी दिल्लीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यातील संस्कृत गीते मराठी लेखक वसंत देव यांची, तर संगीत वनराज भाटिया यांचे. चित्रकारांचा मोठा ताफा जपानी असल्याने त्यांनी डोळे, केस आणि आकाश आपल्या परंपरेनुसार रंगवले, आणि भारतीय प्रेक्षकांनी ते विनातक्रार स्वीकारले. मात्र धोतर कसे नेसतात, लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद कसा घ्यायचा, या गोष्टी भारतीय कलावंतांना जपानमध्ये जाऊन समजावून सांगाव्या लागल्या. डोळ्यांचा आकार परका चालला, पण नमस्कार परका चालला नसता. पात्राच्या खुणा केवळ शरीरावर नसून वागण्यातही असतात, हे या उदाहरणावरून कळते.

गोबऱ्या गालांचे कारण

बाळ हनुमान आणि २००७ मध्ये आलेल्या 'बाल गणेश' या सचेतपटातील गणेश यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, डोळे टपोरे, कपाळ रुंद आणि हातपाय आखूड ठेवलेले आहेत. ऑस्ट्रियन प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ कोनराड लॉरेंझ यांनी १९४३ मध्ये असे मांडले की ही प्रमाणे तान्ह्या बाळाची असल्यामुळे ती दिसताच माणसाच्या मनात जपण्याची भावना आपोआप जागी होते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ मध्ये मिकी माउसची अनेक वर्षांची चित्रे मोजून दाखवले की काळ पुढे सरकला तसा तो उंदीर वयाने वाढण्याऐवजी अधिकाधिक बाळासारखा होत गेला.

साध्या चेहऱ्याचा दुसरा परिणाम अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ मध्ये सांगितला. चेहऱ्यातील तपशील जितके जास्त, तितका तो दुसऱ्या कोणाचा तरी ठरतो. तपशील कमी झाले की पाहणारा त्या चेहऱ्यात स्वतःला ठेवू शकतो. मूल हनुमान काढते तेव्हा ते पुष्कळदा स्वतःलाच काढत असते, हे पालकांच्या ध्यानात येत नाही.

कथेतील मोकळ्या जागा

खुणा आणि साधी रेषा यांमुळे पात्र पुन्हा काढता येते. पण ते पुन्हा काढावेसे का वाटते, याचे उत्तर कथेत शोधावे लागते. वाल्मीकी रामायणात हनुमंताचे बालपण मुख्य कथानकात घडताना दिसत नाही. समुद्र ओलांडण्याची वेळ येते तेव्हा जांबवान त्याला त्याचीच जन्मकथा ऐकवतो, आणि उत्तरकांडात अगस्त्य ऋषी रामाला ती पुन्हा सांगतात. सूर्याला फळ समजून घेतलेली झेप, इंद्राच्या वज्राचा घाव, पुढे ऋषींच्या शापामुळे स्वतःच्या बळाचा पडलेला विसर, एवढ्या मोजक्या घटना सोडल्या तर ती सारी वर्षे रिकामी आहेत. तो अंजनीजवळ कोणता हट्ट करीत असे, त्याचे सवंगडी कोण होते, बळ विसरल्यानंतरचे त्याचे दिवस कसे गेले, यांविषयी ग्रंथ फारसे बोलत नाही.

कथेतील अशा न सांगितलेल्या भागाला मोकळी जागा म्हणता येईल, आणि ऐकणाऱ्याचे मन ती मोकळी ठेवू शकत नाही. मात्र मोकळ्या जागेलाही कड लागते. काहीच माहीत नसलेल्या पात्राबद्दल कल्पना करता येत नाही आणि सगळेच माहीत असलेल्याबद्दल करावीशी वाटत नाही. हनुमंताचे बालपण या दोहोंच्या मधोमध बसते, कारण आधी काय झाले आणि पुढे काय होणार हे पक्के आहे, केवळ मधला काळ कल्पनेसाठी शिल्लक आहे. सामंतांच्या चित्रपटाने ही जागा थोडी भरली. अनुराग कश्यप यांनी २००७ च्या 'रिटर्न ऑफ हनुमान'मध्ये त्याहून धाडसी मार्ग घेतला: हनुमानाला आजच्या काळात मानवी मुलाच्या रूपात जन्माला घालून शाळेत पाठवले. ही कल्पना मुलांनी आनंदाने स्वीकारली, कारण ती त्यांच्या मनात आधीपासूनच होती.

कोल्हापूरची जुनी सवय

कोल्हापुरात दरवर्षी भाद्रपदापूर्वी कुंभार गल्ल्यांमध्ये जे काम चालते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. गणेशाच्या खुणा ठरलेल्या आहेत: सोंड, मोडका दात, सुपासारखे कान, मोठे पोट, मोदक, उंदीर. एवढ्या राखल्या की मूर्तिकार गणपतीला घोड्यावर बसवू शकतो, त्याच्या हाती धनुष्य देऊ शकतो किंवा त्याला रांगते बाळ करू शकतो. दूरचित्रवाणीवर 'जय मल्हार' गाजत असताना महाराष्ट्रभर खंडोबाच्या वेषातील गणपतींना मागणी होती, 'बाहुबली'नंतर त्या वेषातील मूर्ती आल्या, आणि बाळ गणेशाच्या रूपातील मूर्ती तर घरगुती पूजेसाठी आजही आवडीने नेल्या जातात.

हे दरवर्षी नव्याने घडते यामागे एक साधे, पण महत्त्वाचे कारण आहे. गणेशाची ही मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची आणि विसर्जनासाठीच केलेली असते, त्यामुळे पुढच्या वर्षी नवी घडवावीच लागते, आणि नवी घडवताना निवड करावीच लागते. दगडी मूर्तीला ही संधी नसते असे वाटेल, परंतु कोल्हापूरने तेथेही मार्ग काढला आहे. नवरात्रात अंबाबाईची दररोज वेगळ्या रूपात सालंकृत पूजा बांधली जाते आणि अष्टमीला ती महिषासुरमर्दिनी होते. मूर्ती शतकानुशतके तीच, पण वस्त्रे, अलंकार आणि मांडणी बदलून श्रीपूजक तिच्यातून रोज नवे रूप साकारतात, आणि आजचे रूप कोणते हे पाहण्यासाठी भाविक पुन्हा पुन्हा येतात. हे कौशल्य कलेच्या इतिहासात जितके नोंदले जायला हवे होते तितके नोंदले गेलेले नाही, याची खंत वाटते.

गणेशोत्सवातील देखाव्यांनी या सवयीला गती दिली. राजारामपुरीतील मंडळांचे तांत्रिक देखावे, म्हणजे मोटार, दोर आणि चाके यांच्या साह्याने हलणाऱ्या पुतळ्यांचे प्रसंग, हा एका अर्थाने घनरूप सचेतपटच असतो: हात वर, हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे, अशा मोजक्या हालचालींतून प्रेक्षकाला संपूर्ण प्रसंग दिसतो. अन्य पेठांतील सजीव देखाव्यांत गल्लीतील मुलेमाणसे स्वतः ती पात्रे होतात. या शहराला ही दृष्टी चित्रपटाच्या आधीपासून होती. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. भीम, कीचक आणि द्रौपदी यांची लोकांच्या मनातील रूपे एका चित्रकाराने हलत्या चित्रात कशी उतरवली, हे पाहायला त्या काळी गर्दी झाली होती.

शब्दांच्या क्षेत्रात हेच काम कोल्हापूरजवळच जन्मलेल्या एका कवीने अत्यंत टोकाला नेले. १७२९ मध्ये पन्हाळगडावर जन्मलेले आणि पुढे बारामतीस स्थायिक झालेले मोरोपंत रामकथा एकदा सांगून थांबले नाहीत. त्यांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते, आणि त्यांतील अनेकांसाठी त्यांनी एकेक कठीण अट घालून घेतली. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य आहेत, म्हणजे खुद्द नायकाचे राम हे नावही त्यात येऊ शकत नाही. कथा आणि पात्रे श्रोत्यांना पाठ होती, म्हणूनच कवीला हा खेळ मांडता आला. अनोळखी कथेवर असा प्रयोग केला असता तर वाचकाला काहीच उमगले नसते. आवडत्या पात्राला नव्या अटींखाली पुन्हा घडवणारा रसिक म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मोरोपंतांइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

घाटाखाली, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत व्यवस्था उलटी आहे. तेथे रामायण-महाभारतातील प्रसंगांची हाताने रंगवलेली चित्रे पोथीच्या रूपात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असतात. चित्र तेच राहते आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र पुढे करत कथा सांगतो, तेव्हा सांगण्यात रंग भरतो. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मर्यादा कोण ठरवते?

इतके स्वातंत्र्य असताना पात्र बिघडत कसे नाही, हा प्रश्न साहजिक आहे. कधी कधी ते बिघडतेही, आणि मग लोक बोलतात. चित्रपटातील नायकाच्या वेषातील गणपती नको, मूर्ती मूळ रूपातच असावी, असा आग्रह दरवर्षी अनेक मंडळे व भाविक धरतात, आणि या आग्रहाला जुनाटपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. कोणती खूण हलवली तर चालेल आणि कोणती हलवली तर पात्रच हातून निसटेल, हे कोणत्याही ग्रंथात शेवटचे लिहिलेले नसल्याने ते अशा वादांतूनच ठरत जाते. नायकाचा वेष चालतो, पण त्याची मग्रुरी चालत नाही, अशी सूक्ष्म रेषा समाज स्वतःच आखत असतो.

गाडीच्या काचेवरील हनुमान कासरगोड जिल्ह्यातील करण आचार्य या चित्रकाराने २०१५ मध्ये गावातील तरुण मंडळाच्या ध्वजासाठी काढला होता. दोनच रंग आणि मोजक्या रेषा असल्याने तो देशभर झपाट्याने उचलला गेला. चित्रकाराच्या म्हणण्यानुसार त्याला राग दाखवायचा नव्हता, करारीपणा दाखवायचा होता. अनेकांनी मात्र त्यात रागच पाहिला. चित्र म्हणून त्याची ताकद निर्विवाद आहे. पण त्या चेहऱ्यात रामापुढे जोडलेले हात नाहीत, आणि चाफळला ज्यांनी दास आणि प्रताप असे दोन मारुती समोर ठेवले, त्यांच्या परंपरेच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

कायद्याची मर्यादा यापेक्षा सोपी आहे. हनुमान आणि गणेश कोणाच्याही मालकीचे नाहीत, त्यामुळे कोणीही त्यांची नवी चित्रे काढू शकतो. मात्र एखाद्या चित्रपटासाठी काढलेली विशिष्ट आकृती त्या निर्मात्याची असते आणि भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. मुलाने वहीत काढलेल्या चित्राला याची बाधा येत नाही, दप्तरावर छापून विकायच्या चित्राला येते.

पुन्हा पुन्हा पाहण्याची गरज

खुणा, साधी रेषा आणि मोकळ्या जागा हे सारे असूनही एखादे पात्र प्रेक्षकांच्या हाती लागत नाही, असेही घडते. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तेथून १९३४ मध्ये तिने 'जंबू काका' हा छोटा सचेतपट काढला. भारतीय सचेतपटाच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते, तरीही मुलांच्या वह्यांत जंबू काका उतरला नाही. पात्र स्वतः घडवायचे तर ते आधी तोंडपाठ व्हावे लागते, आणि त्या काळी चित्रगृहात एकदा दिसलेले छोटे कार्टून पुन्हा पाहण्याचा मार्ग सामान्य प्रेक्षकापाशी नव्हता. शिवाय जंबू काकाच्या मागे रामायणासारखी सर्वांना ठाऊक असलेली कथाही नव्हती.

साकोंच्या रामायणाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. भारतातील चित्रगृहांत त्याला आरंभी फारसे स्थान मिळाले नाही, पण मुलांच्या वाहिन्यांवर तो सुट्ट्यांमध्ये, सणांना, वर्षामागून वर्षे दाखवला गेला, आणि त्यातील प्रसंग एका संपूर्ण पिढीच्या डोळ्यांपुढे पक्के बसले. २४ जानेवारी २०२५ रोजी तो सुधारित रूपात देशभरातील चित्रगृहांत प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा प्रेक्षकवर्ग दूरचित्रवाणीने तीस वर्षांत तयार करून ठेवलेला होता.